वैद्यबुवांचा आवाज

“अंडी नकोत आज!” दार उघडल्या उघडल्या मी म्हटलं आणि लावूनही घेतलं.

परत टकटक झाली. परत उघडलं, तर तोच. खांद्याला बॅग, हातात अंड्यांचा पुठ्ठ्याचा ट्रे, आणि हसू दाबता दाबता लाल झालेले कान.

“मी अंडीवाला नाही हो. तुमचा कॉम्प्युटर जोडायला आलोय. दुकानातून पाठवलंय.”

“मग हे काय?”

“स्क्रू ठेवायला. प्रत्येक खळग्यात वेगळ्या मापाचे. आईची युक्ती. नाहीतर मी हरवतो.”

“स्क्रू हरवता, की स्वतःच हरवता?”

तो खळखळून हसला आणि लगेच तोंडावर हात धरला. पण तेवढ्यात मला दिसायचं ते दिसलं होतं. मी दातांच्या कवळ्या बनवते. मला माणसाचे आधी दात दिसतात, नाक-डोळे नंतर. याचा डावीकडचा सुळा जरासा पुढे होता, बाकीची रांग सरळ. असला सुळा कवळीत कोणी मागत नाही, म्हणून मी तो कधी बसवलाही नव्हता... आणि आता तोच बघून माझ्या छातीत धडधडायला लागलं. मला माझंच नवल वाटलं!

कॉम्प्युटर हवा होता तो खेळायला. “घोडी झालीस नि खेळतेस कसली?” हे आमच्या बाबांचं म्हणणं. पण दिवसभर मेणाच्या हिरड्या कोरल्यावर मला घरी येऊन राक्षस तोडायला आवडतात, त्याला कोण काय करणार? ऑनलाइन खेळ होता. जगभरातली माणसं त्यात कोणी ना कोणी बनून येतात. मी चंडी - धिप्पाड, कुऱ्हाडवाली. माझे जोडीदार वैद्यबुवा - पांढरी दाढी, खांद्याला झोळी. मी मार खायचा आणि त्यांनी मलम लावायचं. आम्ही बोलायचो ते टाइप करून. खरं नाव-गाव विचारायचं नाही, असं आमचं ठरलेलं. पण त्यांना सांगितलं नाही असं माझं एकही दुखणं नव्हतं. मी राक्षसाच्या जबड्यात असतानाच जुन्या लॅपटॉपने प्राण सोडला, म्हणून हा नवा.

त्याने जमिनीवर चादर पसरली आणि एकेक भाग काढून ठेवला.

“ही मेमरीची पट्टी. बसवायचीय तुम्हाला?”

“मी? मोडली म्हणजे?”

“फळीवर कवळ्या दिसतायत, म्हणजे दात बसवता ना लोकांचे? मग ही काय चीज आहे! दोन्ही टोकांना दाबा... अजून... घाबरू नका.”

पट्टी कट्कन बसली. त्याचं बोट माझ्या बोटावर होतं, ते त्याने उचललं... पण जरा उशिराच. आम्ही दोघंही मग त्या पट्टीकडेच बघत राहिलो. तिच्यात बघण्यासारखं काहीही नव्हतं.

“माइकवाला हेडफोन अजून आला नाही,” जाताना तो म्हणाला. “आला की... येईन.”

त्याच संध्याकाळी मी वैद्यबुवांपाशी सगळं ओकले. हसू, सुळा, बोट, अंड्यांचा ट्रे. बुवांकडून बराच वेळ काहीच उमटेना. मला वाटलं, नेट गेलं त्यांचं. मग अक्षरं आली - “नाडी पाहिली. हा रोग बरा व्हायचा नाही. मेमरीची पट्टी उपट आणि त्याला बोलाव.”

मी थक्कच झाले! इतक्या सज्जन दाढीवाल्याकडून असला सल्ला?

“कोणाला सांगू नका हं, बुवा.”

“वैद्य रोग्याचं गुपित फोडत नसतो. आईशप्पथ!”

मी पट्टी उपटली.

मग एकदा पंख्याची वायर ढिली झाली, एकदा स्क्रीनची. तो यायचा, उघडायचा, माझ्याकडे बघायचा, पुन्हा डबड्यात बघायचा.

“विचित्रच आहे. आपोआप कशी निघते?”

“मला काय माहीत? तुमचंच काम कच्चं असेल.”

“माझं काम कच्चं?”

“मग काय माझा कॉम्प्युटर वायरी चावतो?”

“मालकिणीवर गेला असेल.”

बाबा पलीकडच्या खोलीतून पेपराआडून विचारायचे, “हा मुलगा इथे भाड्याने राहायला आलाय का?” आणि मी कानाच्या पाळीपर्यंत लाल व्हायचे. तो चहा प्यायचा, बशीत सांडायचा, माझ्या नखातलं प्लास्टर बघून म्हणायचा, “आज कोणाचे दात?” त्याच्या येण्याचीच सवय लागली मला. तो नसला की खोली मोठी वाटायची.

पण हळूहळू तो गप्प होत गेला. स्क्रीनवर बुवांचा निरोप उमटला की मी खुदकन हसायचे, आणि तो स्क्रू घट्ट पिळायचा. मला काहीच कळलं नाही. अक्कल दातांना वाहिलेली, दुसरं काय!

शेवटी एका रविवारी दुपारी तो हेडफोन घेऊन आला. ट्रे नव्हता. तेच मला खटकलं.

“आज एवढंच जोडायचंय,” तो म्हणाला. “दूरगावी नोकरी मिळतेय मला. संध्याकाळी हो म्हणून कळवायचंय. यापुढे काही बिघडलं तर दुकानातून दुसरा कोणी येईल.”

“अशी अचानक?”

“इथे काय ठेवलंय माझ्यासाठी?” त्याने स्क्रीनकडे मान वळवली. तिथे नेमकं लुकलुकत होतं - चंडे, ये लवकर, वाट बघतोय. “जा, वाट बघतायत तुमचे.”

तो वायर घेऊन टेबलाखाली शिरला. मी हेडफोन कानावर चढवून खुर्चीत मख्खासारखी बसले. जाऊ नका, एवढे दोन शब्द... कुऱ्हाडीने राक्षस तोडणारीच्या तोंडून ते निघेनात. डोळे भरून आले, आणि तोंडापुढे माइक असल्याने नाक ओढायचीही सोय नव्हती. त्याही गडबडीत माझ्या मनात आलं, की हा टेबलाखालून बाहेर आला की संपलं सगळं.

“बोलून बघा,” खालून आवाज आला. कोरडा, दुकानदारी.

“वैद्यबुवा... ऐकू येतंय का?” मी कसंबसं म्हटलं.

हेडफोनमध्ये काहीच आलं नाही. कारण घाईघाईत त्याने आवाज स्पीकरवरच ठेवला होता. तिथून खोलीभर, पार बाबांच्या पेपरापर्यंत, एका बाईचा खणखणीत आवाज घुमला.

“अगं चंडे! किती गोड आवाज गं तुझा! आला का तो? या खेपेला काय उपटलंस?”

मी तोंड उघडून बसले. बाई? माझे बुवा - बाई?

टेबलाखाली धाडकन डोकं आपटलं.

“आणि ऐक,” बाईंची गाडी थांबायला तयार नाही, “तोही काही कमी नाही हो! तो माइक कधीचा त्याच्या बॅगेत लोळतोय, आणि तुला सांगतो आला नाही! तुझ्याकडे यायचं म्हटलं की शर्टाला इस्त्री. पण आता मेला निघालाय गाव सोडून. म्हणतो, तिचं कोणीतरी आहे. काय गं? कोण आहे तुझं? मला कधी बोलली नाहीस ते!”

टेबलाखालून एक डोकं वर आलं. केसात धूळ, डोळे बटाट्याएवढे.

“आई?”

“...कोण ते?” स्पीकरमधून बारीक आवाज आला.

“मी. तू... तू तर दुपारी भरतकामाचे व्हिडिओ बघतेस ना?”

“कसलं डोंबलाचं भरतकाम! सकाळपासून सैन्य सांभाळतेय मी!” बाई आधी तडकल्या आणि मग नरमल्या. “अरे, ती अंड्यांच्या ट्रेचं बोलली नि मी तुला ओळखलं. पण वचन दिलं होतं रे तिला. गुपित कसं फोडू? म्हणून गप्प बसले. आता हे आपोआप फुटलं, त्याला मी काय करणार?”

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. त्याचा सुळा, त्याचा हात, त्याच्या मानेवरचा तीळ - सगळं मी याच्या आईला रंगवून रंगवून सांगितलं होतं!

तो मात्र माझ्याकडे बघत होता. बघतच होता.

“म्हणजे वायरी तुम्ही...?”

“म्हणजे माइक तुम्ही...?”

“आणि तिचं ते कोणीतरी?” स्पीकरला राहवेना. “ते कोण, ते सांगा आधी मला!”

“वैद्यबुवा,” तो खजील होऊन म्हणाला. “रात्रंदिवस वैद्यबुवा, वैद्यबुवा... मला वाटलं, हिचं तिथेच जुळलंय.”

त्यावर स्पीकरमधून जे हसू फुटलं, त्याने टेबलावरचे पेनसुद्धा हलले असतील. “अरे गाढवा! आईवर जळलास? सख्ख्या आईवर?”

तोही हसला. या खेपेला तोंडावर हात धरला नाही. तो सुळा दिसला आणि मघाचे ते दोन शब्द एकदाचे माझ्या तोंडून निघाले.

“जाऊ नकोस.”

आयुष्यात पहिल्यांदा मी त्याला अरे-तुरे केलं होतं. दोघांच्याही ते एकदमच ध्यानात आलं.

“नाही जात,” तो म्हणाला. हळूच, एवढ्याशा आवाजात. “पण आता तुझ्या कॉम्प्युटरमध्ये बिघडण्यासारखं काही राहिलंच नाही. मला बोलवायला काय उपटशील?”

“काही नाही. नुसतं ये म्हणेन.”

त्याने वाकून आवाज स्पीकरवरून हेडफोनवर घेतला आणि हेडफोन माझ्या कानावरून अलगद काढून टेबलावर ठेवला. त्यातून “अरे, ऐकू येईना मला! चंडे! काय चाललंय तिथे?” असं बारीक बारीक येत राहिलं. बाबांनी पेपराआडून विचारलं, “कोण बाई आल्यात गं?”

“माझी आई,” तोच म्हणाला, माझा हात हातात घेत. “पुढच्या रविवारी खरीखुरी येईल.”