उजेड लोकरीवर पाडा!

परतकाकू सकाळी दहालाच आल्या, तेव्हाच माझ्या लक्षात आलं की आजचा दिवस काही खरा नाही. या बाई आमच्या दुकानातून लोकर नेतात आणि परत आणतात, म्हणून हे नाव. खरं नाव बाबांनासुद्धा आठवत नाही.

काकूंनी काउंटरवर स्वेटरची एक बाही आपटली. काकूंच्या म्हणण्याप्रमाणे वरची अर्धी काळी, खालची अर्धी गर्द निळी.

"काळी म्हणून दिलीस ना गं मला? अर्धी बाही विणून झाल्यावर खिडकीत बसले, तेव्हा कळलं!"

मी बाही ट्यूबलाइटखाली धरली. दोन्ही अर्ध्या काळ्याच दिसत होत्या. मागे बाबांनी वर्तमानपत्राचं पान उलटलं आणि "आणखी एक," एवढंच म्हणाले.

त्या दोन शब्दांत सगळं आलं. दुकान मला चालवायला देताना बाबांनी अट घातली होती. नूतनीकरण कर, काय हवं ते कर, पण नव्या दुकानात रंगाची एक जरी तक्रार आली, तर शटर ओढायचं आणि जागा भाड्यानं द्यायची. बाबा बोलले की बोलले. आणि मला तर लोकरीचा गुंडा हातात घेतल्यावर त्याचं विणून काय होणार ते दिसतं... हे दुकान सोडून मी करणार काय होते?

तेवढ्यात खांद्यावर शिडी घेतलेला एक माणूस आत शिरला. माझ्याकडे, काकूंकडे, कुणाकडेच न बघता त्यानं छताकडे पाहिलं.

"हे सगळं काढून टाकावं लागेल."

"कोण आपण?"

"दिवेवाला. तुम्हीच बोलावलंत ना? चपलांचं दुकान..."

"इथे चपला दिसतायत तुम्हाला?"

त्यानं कपाटांवरून शांतपणे नजर फिरवली. "या उजेडात काही सांगता येत नाही, मॅडम."

परतकाकू फिस्सकन हसल्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण माझ्या हातातली बाही घेऊन तो दारात गेला आणि दुरूनच म्हणाला, "ही काळी, ही निळी. दोष तुमचा नाही, तुमच्या ट्यूबचा आहे." चूक माझी नाही, असं त्या महिन्यात मला पहिल्यांदाच कुणीतरी सांगत होतं. मी शेजारच्या चपलावाल्यांना निरोप पाठवला, तुमचा दिवेवाला जरा उशिरा येईल.

तो जो उशीर सुरू झाला, तो तीन आठवडे संपलाच नाही!

छताला लांब पट्टी ठोकायची, तिच्यावर सात दिवे बसवायचे. हवे तिथे सरकवता येतात, हव्या त्या कपाटाकडे वळवता येतात. मला वाटलं, दिवे निवडायला दहा मिनिटं पुरतील. पण हा रोज एक नवा दिवा जुन्या मफलरमध्ये गुंडाळून आणायचा, माझ्यापुढे त्याच अकरा गडद लड्या टाकायचा आणि म्हणायचा, "ओळखा."

"काळी, निळी, वांगी, काळी..."

"ही चॉकलेटी आहे. दिवा नापास."

"अहो, पास करा कुठला तरी! पत्रकं वाटून झालीत माझी. महिनाअखेरीला दुकान उघडायचंय!"

"घाई केली की काळ्याची निळी होते, मॅडम."

पिवळा दिवा आणला, तर बदामी आणि मोतिया सख्ख्या बहिणी दिसायला लागल्या. पांढरा आणला, तर राणी रंग आजारी पडला. भिंतींना गिलावा लागला, कपाटांना रंग लागला, दिव्यांचं घोडं मात्र पेंडच खात होतं. आई म्हणे, "दुसरा कुणीतरी बघ." मी म्हणे, "बघते." बघत मात्र नव्हते.

एकदा तर हद्द झाली. बाहेर पावसाची भुरभुर, आभाळ भरलेलं, आणि हा दारात हजर.

"आज काही तपासता यायचं नाही," तो म्हणाला. "बाहेरच खरा उजेड नाही. ताडून कशाशी बघणार?"

"मग आलात कशाला?"

"ऊन पडलं तर... वेळ जायला नको म्हणून."

ऊन चार वाजेपर्यंत पडलं नाही. आम्ही पायरीवर बसून होतो, मध्ये अकरा लड्यांची टोपली. ओल्या मातीचा आणि लोकरीचा वास एकमेकांत मिसळला होता. त्यानं एक लडी उचलली, माझ्या मनगटाशी धरली, आणि पटकन खाली ठेवली.

"तुमचे डोळे..."

"काय झालं माझ्या डोळ्यांना?"

"रंग... फार चांगले ओळखतात." आणि तो शिडी पुसायला लागला. कोरडी शिडी!

मला त्याचा राग आला होता. पण तो गेल्यावर टोपली आत न्यायला मी अर्धा तास लावला, हेही खरं.

शेवटी एक दिवा पास झाला. अकराच्या अकरा लड्या मी न चुकता ओळखल्या. उघडण्याच्या आदल्या दिवशी दुपारी त्यानं पट्टी ठोकली, सातही दिवे बसवले आणि मला फर्मान सोडलं, "लडी घेऊन एकेका कपाटापुढे उभ्या रहा. तशी मी दिशा देतो."

"अशी?"

"जरा डावीकडे. हनुवटी वर."

"लोकर माझ्या हनुवटीवर आहे का?"

"सावली पडते," तो शिडीवरून म्हणाला.

दीड तास मी कपाटांपुढून फिरत होते. मग तो खाली उतरला, शिडी मिटवली आणि म्हणाला, "झालं. माझं काम संपलं." तीन आठवडे मी या क्षणाची वाट पाहिली होती, आणि आता मला एकदम रडू यायला लागलं. तोंडातून निघालं फक्त "बरं." तोही "बरं" म्हणाला आणि निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी बटण दाबलं.

"माल कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

कपाटं अंधारात. उजेडाचे सात गोल फरशीवर. नव्या फरशीवरची धूळ तेवढी लख्ख दिसत होती. परतकाकू निळं उसवून उरलेली काळी बाही घेऊन दारात उभ्याच होत्या.

"तू त्या गोलात उभी रहा बघू," बाबा म्हणाले. मी उभी राहिले. "आता पुढच्या. आता त्या कोपऱ्यातल्या." एकेक करून सातही गोल झाले. बाबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"दिव्याखाली अंधार ऐकलं होतं. इथे दिव्याखाली तू आहेस. बोलाव त्याला."

तो धापा टाकत आला.

"उजेड लोकरीवर पाडायचा होता ना?" मी जवळजवळ ओरडलेच. "मग हे काय आहे?"

"शक्य नाही! नऊ वर्षं हेच काम करतोय मी. तुम्ही जरा उभ्या..."

मी उभी राहिले. त्यानं दिव्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि कान चोळायला लागला.

"मी लोकरीकडेच बघतोय, असं... मला वाटत होतं," तो हळूच म्हणाला.

नीट ऐकू यावं म्हणून परतकाकू दोन पावलं आत आल्या.

"मग आता?" मी विचारलं.

"आता तुम्ही बाहेर थांबा. समोर असलात तर पुन्हा तेच होईल."

मला माझ्याच दुकानातून बाहेर काढलं! काचेतून बघत होते. माझ्या जागी बाबा लडी धरून उभे होते आणि कुणी न सांगताच हनुवटी वर करत होते. वीस मिनिटांत कपाटं उजळली. प्रत्येक गुंडा जसा होता तसा दिसत होता. परतकाकूंनी स्वतः एक काळा गुंडा निवडला, दारात नेऊन उन्हात धरला, बाहीशी ताडला, पुन्हा आत आणला.

"काळीच आहे," त्या म्हणाल्या. जरा नाराजच वाटल्या.

बाबांनी वर्तमानपत्र उघडलं. "भाड्याचं राहू दे," ते पानाआडून म्हणाले.

मी आत आले. सहा दिवे कपाटांवर होते. सातवा काउंटरच्या मागे, अगदी माझ्या खुर्चीवर.

"हा राहिला," मी म्हटलं. "इथे लोकर नसते."

"माहितीये." त्यानं शिडी घट्ट धरली होती. "या वेळी चुकून नाही. मला... तुम्ही आवडता. नको म्हणालात तर आत्ता फिरवतो."

मी खुर्चीत जाऊन बसले.

"ती शिडी उचला आधी, वाट अडलीये. आणि उद्या या."

"उद्या काय बिघडणार आहे?"

"काही बिघडलं नाही तरी या!"

"अगं बाई!" परतकाकू काउंटरवर वाकून म्हणाल्या. "केवढी लाल झालीस तू!"

होणारच. खरा रंग दाखवणारा दिवा मीच तीन आठवडे घालून निवडला होता.