एकोणचाळीस नंबरचा फोटो

"माझ्या नवऱ्यानं खरंच कुणाचा जीव घेतलाय का, एवढंच मला कळायला हवं," ती बाई म्हणाली आणि तिनं पिशवीतून एक लखोटा काढून टेबलावर ठेवला.

तात्यांनी तिच्यासाठी खुर्ची ओढली. औषधांच्या दुकानात हयात घालवल्यावर ते ताईंच्या कचेरीत मदतीला येऊन बसत. खाजगी चौकशा करणाऱ्या ताई वयानं त्यांच्याहून धाकट्या होत्या, पण ताई त्या सगळ्यांच्याच.

त्या बाईचा नवरा इस्पितळात एक्स-रे टेक्निशियन. आठ महिन्यांपूर्वी एका शाळेतल्या सगळ्यांना छातीचे फोटो काढून घ्यायला सांगितलं होतं. त्यात एका शिक्षिकेचा फोटो साफ आला. महिन्याभरापूर्वी ती फुप्फुसाच्या कॅन्सरनं गेली. तिच्या नवऱ्यानं तक्रार केली, समिती बसली, आणि समितीनं ठरवलं की तो फोटो तिचा नाहीच. टेक्निशियननं अदलाबदल केली.

"ते स्वतः काय म्हणतात?" ताईंनी विचारलं.

"मी नाही केली, असंसुद्धा म्हणत नाहीत. एका दिवसात चौऱ्याऐंशी फोटो काढले, झाली असेल चूक, म्हणतात. पंधरा दिवस भिंतीकडे तोंड करून पडून आहेत. ताट पुढं ठेवलं तर दोन घास खातात, तेही माझ्यासाठी."

लखोट्यात निलंबनाचं पत्र होतं. ताईंनी ते वाचलं आणि चप्पल पायात सरकवली.

इस्पितळात फोटो वाचणाऱ्या डॉक्टरांनी पडद्यावर तीन चित्रं लावली. पहिलं दहा वर्षांपूर्वीचं. उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात हरभऱ्याएवढा पांढरा डाग होता. तिसरं शेवटच्या आजारातलं. त्यात गाठ होती आणि तो डागही होता. मधलं आठ महिन्यांपूर्वीचं, एकोणचाळीस नंबरचं. त्यात ना गाठ, ना डाग.

"हा लहानपणीच्या आजाराचा डाग," डॉक्टर म्हणाले. "चुन्यासारखा घट्ट झालेला. तो जन्मात जात नाही. म्हणून मधला फोटो तिचा नाही, हे नक्की."

"मग डागाचा फोटो त्या दिवशी दुसऱ्या कुणाच्या नावावर असेल."

"मी चौऱ्याऐंशी पुन्हा पाहिले. सगळ्या आठवड्याचे पाहिले. कुठंच नाही."

"पुसून टाकला असेल," तात्या म्हणाले.

"यंत्र प्रत्येक फोटो मोजतं. चौऱ्याऐंशी काढले, चौऱ्याऐंशी आहेत."

तात्या पडद्याजवळ गेले. "गळ्याच्या हाडाच्या आतल्या टोकाला ही बारीक चीर कसली? मोडलंय का?"

"मोडलेलं नाही ते," डॉक्टर म्हणाले. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला.

फोन संपेपर्यंत ताई त्या चिरेकडेच बघत होत्या. मग त्यांनी डाव्या खांद्यावरच्या एका पुसट, गाठीगाठींच्या पट्ट्यावर बोट ठेवलं.

"वेणी," डॉक्टर म्हणाले. "केस वर बांधायला सांगतात, कधी राहून जातं. घट्ट वेणी फोटोत उमटते."

खिडकीवरच्या कारकून बाईंनी फाइल काढून दिली. चिठ्ठीवर नंबर एकोणचाळीस, शिक्षिकेचं नाव, वय सेहेचाळीस. सोबत बायकांसाठीचा अर्ज होता. गरोदर आहात का? नाही. शेवटची पाळी? बारा दिवसांपूर्वी. अक्षर टेक्निशियनचं.

"हा कागद भरल्याशिवाय तो बटणाला हात लावत नाही," कारकून बाई म्हणाल्या. "पोटात मूल असलं तर किरण बाधतात ना. त्या बाबतीत फार काटेकोर."

"या बाई तुम्हाला आठवतात?"

"तेव्हा खोकल्याची साथ होती. सगळ्यांच्या तोंडाला मास्क. चिठ्ठी घ्यायची, नंबर द्यायचा, झालं."

घरी टेक्निशियन पलंगावर उठून बसला, पण पाठ भिंतीलाच टेकवून. दाढी वाढली होती.

"एकोणचाळीस नंबरशी तुमचं काय बोलणं झालं?" ताईंनी विचारलं.

"बोलणं कसलं. 'एकोणचाळीस ना?' म्हटलं, त्यांनी मान हलवली. पाळीची तारीख विचारली. मग नेहमीचंच. छाती प्लेटला लावा, हनुवटी वर, खांदे पुढं, श्वास घ्या, धरा."

"चेहरा?"

"छातीच्या फोटोला माणूस आमच्याकडं पाठ करून उभा राहतो, ताई. मला पाठी आठवतात."

बाहेर पडल्यावर तात्या पुटपुटले, "हाच तो. चूक मान्य करून बसलाय की."

"त्याला तसं वाटतंय," ताई म्हणाल्या, "पण काय चुकलं ते त्याला ठाऊक नाही."

शिक्षिकेच्या नवऱ्याचं घड्याळदुरुस्तीचं दुकान घराच्या पुढच्या खोलीत होतं. दुकान बंद होतं, तरी भिंतीवरची घड्याळं चालू होती. माणूस सुकून काटकुळा झाला होता.

"मला त्याला तुरुंगात बघायचंय," तो शांतपणे म्हणाला. "तिला कधी मोठं दुखणं नव्हतं हो. पाच वर्षांपूर्वी गर्भपिशवी काढली, तेवढंच. त्या वेळी फार हाल झाले. तेव्हापासून इस्पितळाचं नाव काढलं की हातपाय गार पडायचे तिचे."

भिंतीवर शिक्षिकेचा फोटो होता. कानापर्यंत कापलेले केस, हसरे डोळे.

"हा अलीकडचा?"

"गेल्या वर्षीचा. केस ती कायम असेच ठेवायची. वेणीफणीला वेळ कुठंय, म्हणायची."

दाराशी त्याची मुलगी उभी होती. वीस वर्षांची, कॉलेजात शिकणारी. खांद्यावरून पुढं आलेल्या वेणीचं टोक ती बोटाला गुंडाळत होती. ताईंनी तिला एकही प्रश्न विचारला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी ताईंनी सगळ्यांना त्याच खोलीत बोलावलं. टेक्निशियनला त्याच्या बायकोनं हाताला धरून आणलं. घड्याळवाल्यानं त्याला बघून तोंड फिरवलं.

"अदलाबदल झाली असती," ताई म्हणाल्या, "तर दोन फोटो चुकीचे असते. हिचा दुसरीच्या नावावर, दुसरीचा हिच्या. इथं एकच चुकलाय. डागाचा फोटो हरवला नाही, कारण तो काढलाच गेला नाही. शिक्षिका त्या दिवशी त्या खोलीत आल्याच नव्हत्या."

"मग कोण आलं?" तात्यांनी विचारलं.

"अर्जात पाळीची तारीख आहे. गर्भपिशवी काढलेल्या बाईला पाळी कुठून येणार? फोटोत वेणी आहे, यांचे केस कानापर्यंत. आणि तात्या, तुम्ही दाखवलीत ती चीर. गळ्याच्या हाडाचं आतलं टोक वाढत्या वयात सुटं असतं आणि शरीरात सर्वांत शेवटी जुळतं, विशीच्या आसपास किंवा नंतर. सेहेचाळिसाव्या वर्षी तिथं चीर राहत नाही. आज सकाळी डॉक्टरांनी पुन्हा पाहून तसं लिहून दिलंय. तो फोटो विशीतल्या मुलीचा आहे. आईची चिठ्ठी घेऊन, मास्क लावून, आईच्या जागी उभी राहील अशी कोण?"

कुणी मागं दाराकडं वळून पाहिलं नाही. मुलगीच पुढं आली आणि जमिनीवर बसली.

"आई म्हणाली, नुसता कागदाचा सोपस्कार आहे," ती म्हणाली. "माझा तास आहे, तू जाऊन ये. मी गेले. नंतर ती आजारी पडली तेव्हा मी तिला म्हटलं, सांगूया का. ती म्हणाली, बाबांना कळता कामा नये. मग ती गेली. मग मी कुणाला सांगणार?"

"खोकला होता तिला तेव्हा?" घड्याळवाल्यानं विचारलं. त्याचा आवाज ओळखू येत नव्हता. "तिला शंका आली होती? म्हणून तुला धाडलं?"

"मला नाही माहीत, बाबा."

टेक्निशियनच्या बायकोनं पदर तोंडाला लावला होता. ती सुटकेनं रडत होती आणि तिचं तिलाच ते लाजिरवाणं वाटत होतं. टेक्निशियन मात्र मुलीकडं बघत होता.

"वय सेहेचाळीस, हे माझ्या हातातल्या चिठ्ठीवर होतं," तो म्हणाला. "नाव सांगा, जन्मतारीख सांगा, असं विचारायचं हा आमचा पहिला धडा. नंबर विचारायचा नाही. नंबराला कुणीही मान हलवतं."

"तुम्ही नाव विचारलं असतं," मुलगी म्हणाली, "तर मला खोटं बोलता आलं नसतं. मी दारातूनच परत जाणार होते. इतकी भीती वाटत होती."

तिनं हे दोष देण्यासाठी म्हटलं नव्हतं. पण टेक्निशियनचा चेहरा पुन्हा भिंतीकडं वळला.

घड्याळवाल्यानं कागद घेतला आणि तक्रार मागं घेतल्याचं तीन ओळींत लिहून सही केली. उठून आत जाताना मुलीजवळ क्षणभर थांबला. तिच्या डोक्यावर ठेवायला हात उचलला. तो हात तसाच खाली आला. आतलं दार लागलं.

तात्या आणि ताई रस्त्यावर आले तेव्हा मुलगी अनवाणी मागून धावत आली.

"ताई, एकच विचारायचंय. तेव्हा कळलं असतं, तर आई वाचली असती?"

हाच प्रश्न ताईंनी सकाळी डॉक्टरांना विचारला होता. तात्या तिथंच होते. आठ महिन्यांपूर्वी गाठ लहान असणार, डॉक्टर म्हणाले होते. शस्त्रक्रियेनं बहुतेक निघाली असती.

"ते कुणालाच सांगता येणार नाही," ताई म्हणाल्या.

मुलगी त्यांच्या चेहऱ्याकडं बघत राहिली. बराच वेळ. मग तिनं हळूच मान हलवली, जणू उत्तर मिळालं होतं, आणि ती घराकडं वळली.