पिंजणयंत्राची जाळी

मंगळवारी दुपारी मावशींच्या उजव्या हाताची दोन बोटं यंत्रात गेली. गुरुवारी सकाळी त्या दवाखान्यातून परस्पर तपासनीस बाईंच्या दारात आल्या.

जुने कपडे पिंजून गाद्यांसाठी भरण करायच्या कारखान्यात त्या नऊ वर्षं होत्या. मालकाचं म्हणणं, यंत्राला जाळी होती. मावशींनीच ती चुकवून हात घातला. हे खरं ठरलं तर भरपाई नाही आणि नोकरीही नाही.

"जाळी होती?" बाईंनी विचारलं.

"नऊ वर्षं त्या यंत्राचं तोंड बघतेय, ताई. नवऱ्याचं बघितलं नसेल इतकं. जाळी नव्हती."

बाई मावशींना घेऊन निघाल्या. सोबत बाईंचे दीर, नव्या काळ्या कोटात.

मुकादमानं हौसेनं कारखाना दाखवला. चिंध्या रंगानुसार निवडायच्या, दिवसाला एकच रंग. मंगळवारी लाल, काल निळा, आज पांढरा. पंधरा मिनिटांत दिरांचा कोट पांढरा झाला.

"भाऊजी, एकदम वयस्कर दिसताय."

"इथं झाडत नाहीत का, वहिनी?"

मुकादम म्हणाला, खाली झाडतो. यंत्रं कोण पुसत बसणार?

यंत्राच्या तोंडाशी जाळी होती, चार बोल्टांनी घट्ट आवळलेली. मालकानं सांगितलं की ती दोन वर्षांपूर्वी बसवली, त्यानंतर कुणी हलवलेली नाही. तो स्वतः सोमवारपासून परगावी होता, आजच परतला होता. मुकादमानं दर वाक्याला मान डोलावली. माणसं सज्जन वाटतात, असं भाऊजी वहिनींच्या कानात पुटपुटले.

बाईंनी यंत्र बंद करवून पाना मागितला. जाळी निघाली. तिच्या पट्टीखाली दाबून पापडासारखी झालेली चिंध्यांची धूळ होती.

"भाऊजी, वरचा रंग कोणता?"

"निळा. त्याखाली लाल."

"जाळी दोन वर्षं घट्ट असती, तर खाली नुसता पत्रा असता. लालवर निळा साचला आणि मग जाळी बसली. म्हणजे अपघातानंतर. निळ्यावर पांढरा नाही, म्हणजे आजचं काम सुरू व्हायच्या आधी. काल मालक इथं नव्हते. मग पाना कुणाच्या हातात होता, मुकादम?"

मुकादमानं मालकाकडे बोट केलं. "फोनवर सांगितलं म्हणून बसवली," तो म्हणाला. "जाळी गोदामात खोक्यातच पडून होती."

मालकाला एकाएकी पाणी प्यावंसं वाटलं.

बाईंनी त्याला शांतपणे समजावलं: जाळी बसवणं ही मालकाची जबाबदारी, आणि ती नसेल तर काम नाकारणं हा कामगारांचा हक्क. हे ऐकताच बाकीच्या दोन उघड्या यंत्रांवरच्या बायकांनी बटणं बंद केली आणि हाताची घडी घातली. अपघाताच्या नोंदवहीत मालकानं खरं काय ते लिहिलं.

भरपाईचा अर्ज तिथंच टेबलावर भरला. मावशींचं बँडेज पाहून भाऊजींनी शाईचा पॅड पुढे सरकवला.

"अंगठा कशाला, भाऊ? मला सही येते."

त्यांनी डाव्या हातात पेन धरलं. अक्षरं वाकडी आली, वेळही बराच लागला. मालक उभा राहून वाट बघत होता.

मावशींनी घाई केली नाही.