थोरली कामात आहे

विश्वास ठेवाच असा माझा आग्रह नाही. पण हे माझ्या सख्ख्या धाकट्या बहिणीच्या घरी घडलेलं आहे, आणि ती तिखटमीठ लावून सांगणाऱ्यांतली नाही.

रात्र नव्हती, काळोखही नव्हता. रविवारची भर दुपार होती. खिडक्या सताड उघड्या होत्या आणि खाली कुणीतरी पाइप लावून गाडी धूत होतं.

बहिणीला दोन मुली. आम्ही त्यांना थोरली आणि धाकटी असंच म्हणायचो, नावं काय ती शाळेच्या हजेरीपुरती. लहान होत्या तेव्हा कॉम्प्युटरसमोरच्या एकाच खुर्चीवर दाटीवाटीनं बसायच्या आणि एकमेकींना ढकलायच्या. आम्ही बहिणी रेडिओवरून अशाच भांडायचो. पण आमच्या रेडिओला दोन थपडा दिल्या की तो बिचारा ताळ्यावर यायचा.

थोरली मागच्या वर्षी तापाचं निमित्त होऊन गेली.

तिचा लॅपटॉप तेव्हापासून कपाटातच होता. धाकटीनं तो बाहेर काढला, कारण ऑनलाइन खेळणाऱ्या एका नावाजलेल्या संघात एक जागा रिकामी झाली होती. रविवारी चार वाजता चाचणीचा सामना होता. वर्षभर गप्प गप्प असलेली पोर पहिल्यांदाच कशासाठी तरी जीव टाकत होती.

आणि गेम अडखळत होता.

पळायला लागलं की चित्र थिजायचं. पुन्हा हलेपर्यंत समोरच्यानं हिला मारलेलं असायचं.

आठवडाभर धाकटीनं सगळे उपाय करून पाहिले. चित्राची प्रत कमी केली. जुना ड्रायव्हर काढून नवा घातला. चार्जर बदलला. पंख्यातली धूळ झटकली. फरक शून्य. जेवायला हाक मारली तरी आईच्या अंगावर धावून जायला लागली. बहीण मला फोनवर म्हणाली, त्या डब्यानं दोघींच्या नाकी नऊ आणलेत.

शेवटी रविवारी दुपारी बहिणीनं दुरुस्तीवाल्याला घरी बोलावलं. माणूस बोलका होता. पहिल्यांदाच या घरात आला होता, घरातलं त्याला काही ठाऊक नव्हतं.

"यात दोन चिपा असतात, काकू," तो बहिणीला समजावून सांगायला लागला. "एक धाकटी, एक थोरली. हलकंफुलकं काम धाकटी उरकते. जड काम आलं की थोरलीला हाक मारायची. तुमची थोरली हाक मारूनही येत नाहीये."

बहिणीनं त्याच्यासाठी आणलेला चहा टेबलावर ठेवला आणि ती दारात जाऊन उभी राहिली.

धाकटी म्हणाली, "काका, पुढचं बघा."

त्यानं सेटिंगमध्ये जाऊन गेम थोरलीच्या नावावर लावला. चित्र तसंच अडखळलं. मग त्यानं कोण किती काम करतंय ते दाखवणारी खिडकी उघडली, आणि पुढे वाकला.

थोरली पूर्ण कामात होती. अगदी शिगोशीग.

त्यानं गेम बंद केला. मागे काही चालू असेल म्हणून तेही एकेक करून बंद केलं. आता पडद्यावर काहीच नव्हतं.

तरीही आतला पंखा... घोंघावतच होता.

"कुणासाठी राबतेय ही?" तो स्वतःशीच पुटपुटला.

मग त्याला दिसलं. लॅपटॉपच्या म्हणण्यानुसार त्याला दुसरा एक पडदा जोडलेला होता. आणि थोरली त्या पडद्यासाठी चित्रं काढत होती. एकामागून एक, न थांबता.

त्यानं लॅपटॉप उचलून मागे पाहिलं. एकही वायर नव्हती.

त्यानं तो पडदा बंद केला. थोडा वेळ काहीच झालं नाही...

आणि तो परत आला.

पुन्हा बंद केला. पुन्हा आला. तो घाम पुसत म्हणाला, "थोरली बिघडलीय. मी तिला कायमची बंद करून टाकतो. धाकटीवर भागवा."

"थोरलीला बंद करायचं नाही." बहीण दारातून म्हणाली.

"आई, तो चिपेबद्दल बोलतोय गं."

"मला कळतंय तो कशाबद्दल बोलतोय. बंद करायचं नाही."

दुरुस्तीवाल्यानं मायलेकींकडे आळीपाळीनं पाहिलं. मग हत्यारं गोळा केली आणि चहा तसाच ठेवून निघून गेला.

चार वाजायला आले. धाकटीच्या अंगाचा तिळपापड झाला होता. आईवर राग, लॅपटॉपवर राग, आणि मेलेल्या माणसावर रागावता येत नाही म्हणून आणखी राग. तिनं दार लावून घेतलं, टेबलावर हात आपटला आणि लहानपणी खुर्चीसाठी म्हणायची तेच म्हणाली.

"ताई, ऊठ आता. माझी पाळी आहे."

पंखा...

थांबला.

खालच्या पाइपातलं पाणी ऐकू यायला लागलं.

तिनं गेम उघडला. चित्र लोण्यासारखं सरकत होतं. काय झालं, कसं झालं, हे विचारायला वेळच नव्हता. तिनं कानाला हेडफोन लावले आणि खेळायला बसली.

अशी ती कधीच खेळली नव्हती. कुठे वळायचं, कुठे दबा धरायचा, सगळं आपोआप सुचत होतं. बाहेर आली तेव्हा वर्षानंतर तिच्या चेहऱ्यावर हसू होतं.

संध्याकाळी संघाच्या कप्तानाचा फोन आला. बहिणीलाही ऐकू जावं म्हणून धाकटीनं तो स्पीकरवर टाकला.

कप्तान म्हणाला की खेळ उत्तम झाला, पण घेता येणार नाही. एकटीनं खेळायचं ठरलं होतं. शेजारी बसून कुणीतरी सांगत होतं, ते सगळ्या संघानं माइकवर ऐकलं.

धाकटी म्हणाली, खोलीत मी एकटीच होते. दार बंद होतं.

"अगं, सामनाभर ऐकलंय आम्ही. 'जिन्याकडे बघ... थांब... आता मार.' तू तिच्या शब्दाबाहेर गेली नाहीस." कप्तान हसला. "नेम तुझा आहे गं, पण डोकं तिचं. खरं सांगू? जागा एकच आहे, आणि आम्हाला तीच हवी आहे. येईल का ती आमच्यात?"

धाकटीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. ते भीतीचं होतं की हातची जागा गेल्याचं, तिचं तिलाच कळत नव्हतं.

बहिणीनं हात पुढे केला आणि तिच्याकडून फोन घेतला. अगदी साध्या आवाजात म्हणाली,

"तिला विचारते आणि सांगते."

आणि ती खोलीत गेली. दार आतून लावून घेतलं.

बराच वेळ बाहेर आली नाही.

हे सगळं तिनंच मला सांगितलं, पण इथपर्यंतच. पुढे काय झालं ते मी विचारलेलं नाही. आमचं बोलणं रोज होतं. पण हल्ली ती बोलता बोलता मध्येच थांबते... आणि म्हणते, "जरा धर हं." मग फोनपासून तोंड वळवून, "आले गं."

धाकटी तर केव्हाच हॉस्टेलवर राहायला गेली आहे.