रिकामी गुहा

"आमची चेटकीण नाहीशी झालीय," सानपाड्याच्या त्या छोट्या ऑफिसात बसता बसता ऋषी म्हणाला.

खासगी गुप्तहेर मीना कारखानीस यांनी त्याच्यापुढे पाण्याचा ग्लास सरकवला. त्यांचे मदतनीस जयप्रकाश, निवृत्त पोस्टमास्तर, यांनी मात्र पेन खाली ठेवलं.

ऋषी, श्रुती आणि हितेश मिळून कॉम्प्युटर गेम बनवत होते. तलवारी, मंत्र, राक्षस. 'कालगड'चा पहिला भाग चांगला चालला होता. दुसऱ्याची सीडी सोमवारी छापायला जायची होती. काल, शुक्रवारी, सगळ्यांना सुट्टी होती. आज उघडून पाहिलं तर शेवटच्या गुहेतून चेटकीण गायब! फ्लॉपीवरच्या प्रतीतही नाही. दाराचं कुलूप शाबूत, किल्ल्या तिघांकडेच.

तिघं जिथे गेम बनवायचे, त्या नेरूळच्या फ्लॅटवर तासाभरात सगळे पोचले. ऋषीनं मशीन सुरू केलं आणि तारीख टाकली : ४-१२-९७.

"आज बारा एप्रिल. चार डिसेंबर कुठला?" जयप्रकाशांनी विचारलं.

"हिला महिना आधी लागतो, काका. बॅटरी मेलीय, म्हणून सुरू केलं की दर वेळी विचारते."

तेवढ्यात फोन वाजला आणि ऋषी छापखान्याशी बोलायला उठला. जयप्रकाशांनी पडद्यावर गुहेच्या फाइलपुढचा आकडा वाचला : ११-०४-९७. "कालचीच तारीख," त्यांनी वहीत लिहिलं.

श्रुती चित्रं काढायची. "तो चेहरा मला हितेशच्या गावी सुचला. पूजेला गेले होते, तिथे त्याच्या पुतळाआजी होत्या. काय डोळे! कोणी उडवली तिला कोण जाणे. सकाळी मशीन मी नाहीतर ऋषी लावतो. काल दोघंही नव्हतो."

हितेश गोष्ट लिहायचा, गुहांचे नकाशे मांडायचा. तो दाराशीच उभा राहिला.

"मी दुपारी येतो, तवा मशीन चालूच असते. काल आलोच नाय. त्यांना कोनी नेलं, मला काय माहीत?"

मीनाताईंनी सगळ्यांना बसवलं.

"जयप्रकाशराव, वहीतली तारीख पुन्हा वाचा. महिना आधी."

"चार... नोव्हेंबर?" जयप्रकाश चपापले. "अजून सात महिने आहेत!"

"काल कोणीतरी हे मशीन सुरू केलं आणि आपल्या सवयीनं तारीख टाकली. आधी दिवस, मग महिना. ऋषी आणि श्रुती रोज सुरू करतात, ते चुकणार नाहीत. किल्ली असलेला तिसरा उरतो, ज्याला मशीन नेहमी चालू मिळतं. शिवाय श्रुती चेटकिणीला 'ती' म्हणाली, हितेश 'त्यांना'. चेटकिणीला मान कोण देतं? जो तिला ओळखतो."

हितेशनं मान खाली घातली.

"माझ्या आजी हायेत त्या. मिठागरात राबून आमाला वाढवलं त्यांनी. लोक त्यांना तलवारीनं मारनार, वर पॉइंट कमावनार. मी बोललो होतो. तुमी हसलात."

"मला गंमत वाटली रे," श्रुती हळूच म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता.

हितेशनं खिशातून फ्लॉपी काढून टेबलावर ठेवली. मूळ प्रत.

ऋषीनं ती मशीनमध्ये घातली. सोमवारला दोनच दिवस होते.

"मारायचं काढून टाकू," तो म्हणाला. "पण गुहेत आजी हवीच. हितेश, हीरो थकून समोर आला की ती काय म्हणेल?"

हितेशला विचार करावा लागला नाही.

"'कोन रं तू? जेवलास का?'"

ऋषी टाइप करू लागला.