सतरा नंबरच्या बाईची मुलाखत

संस्थेतल्या साहेबांनो, तुम्ही एका मेलेल्या बाईचं नाव गिळलंत. आणि ते पाप माझ्या वहिनीच्या हातून करवून घेतलंत.

ज्याला खोटं वाटतं त्याने खुशाल खोटं म्हणावं. मी तारीखवार सांगू शकतो. मंगळवार होता. दुपारचे सव्वातीन. दुसऱ्या मजल्यावरची ती बिनखिडकीची खोली.

बंद पडलेल्या कारखान्यातल्या एक्केचाळीस कामगारांच्या मुलाखती अभिलेखागारात जमा करायच्या होत्या. वहिनी हेडफोन लावून एकेक ऐकायची. बोलणाऱ्याचं नाव आलं की तेवढा आवाज कापायचा, तिथे शांतता भरायची. कागदावर नावाऐवजी नंबर. ओळख पटू नये म्हणून. नियम चांगलाच आहे.

पण सतरा नंबरच्या बाईने संमतीपत्राच्या तळाशी स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं, ‘नाव काढायचं नाही.’

रेकॉर्डिंगमध्येही ती खोकत खोकत तेच सांगते. “बावीस वर्षं मला बिल्ल्याच्या नंबरावर हाका मारल्या. इथं तरी नाव राहू द्या.”

महिन्याभराने ती गेली. छातीत धूळ साचून.

वहिनी ते संमतीपत्र घेऊन विभागप्रमुख सरांकडे गेली.

“सर, या बाईंनी नाव ठेवायला सांगितलंय.”

“एकीसाठी वेगळा नियम करू का?”

“त्या लिहून गेल्यात, सर.”

“गेल्यात ना? मग तक्रार घेऊन कोण येणार?” सर हसले. “उद्या सगळं जमा झालं पाहिजे. नाहीतर तुमच्या नोकरीच्या मुदतवाढीचं तुमचं तुम्ही बघा, बाई.”

घरात दादाची नोकरी सुटलेली. वहिनी खाली मान घालून परत आली.

तिने नाव कापलं. चार ठिकाणी.

संमतीपत्र आणि नावांची यादी सरांनी सांगितल्याप्रमाणे कागद फाडायच्या यंत्रात घालून बारीक केली. मग तपासायला रेकॉर्डिंग लावलं.

पहिली शांतता आली. पडद्यावर सरळ रेघ. आवाज शून्य.

आणि हेडफोनमध्ये…

कुणीतरी श्वास घेतला.

वहिनीने मागे नेऊन पुन्हा लावलं. मघाशी दोन सेकंदांची असलेली जागा आता अकरा सेकंदांची होती.

रेघ सरळच.

श्वास अगदी कानाशी…

तिने घाईघाईने अठरा नंबर लावला. एक म्हातारा बोलत होता. “माझ्या शेजारच्या यंत्रावर ती… होती. फार फटकळ बाई.”

ही जागा वहिनीने कापलीच नव्हती.

एकोणीस. बावीस. छत्तीस. जिथे जिथे कुणी त्या बाईचं नाव घेतलं होतं, तिथे खड्डा.

मग तिच्या लक्षात आलं, ते नाव तिलाही आठवत नाहीये. सकाळपासून तिने ते वीसदा तरी ऐकलं होतं.

संध्याकाळी दादाने दार उघडलं. त्याचे ओठ हलले. “…चहा टाकू का?”

“आधी काय म्हणालास?”

“काही नाही. तुला हाक मारली.”

“परत मार.”

ओठ हलले. आवाज नाही.

मी वहिनी म्हटलेलं तिला ऐकू येतं. तिचं स्वतःचं नाव घेतलं की नाही. डॉक्टर म्हणाले, कान ठणठणीत आहेत.

आठवड्याभराने त्या बाईची मुलगी संस्थेत आली. आईचा आवाज ऐकायला. वहिनीनेच लावून दिला. मुलगी ऐकता ऐकता मध्येच थांबली.

“इथे आई काय म्हणते?”

“नाव सांगतात. स्वतःचं.”

“मग कापलं कशाला? मी सांगते की, माझ्या आईचं नाव…”

तिचं तोंड उघडलं.

उघडंच राहिलं.

“थांबा हं,” ती म्हणाली. “जिभेवर आहे.”

मग ती घाबरून रडायला लागली. घरी जाऊन तिने मृत्यूचा दाखला काढला. तारीख होती. वय होतं. नावाच्या रकान्यात…

कोरा कागद.

वहिनीने नोकरी सोडली. आता घरात दिवसभर रेडिओ चालू असतो. निवेदक दोन वाक्यांमध्ये जरा थांबला, की ती भिंतीला टेकते. मी हसायचो. गेल्या गुरुवारपासून हसत नाही. तसल्याच एका थांबण्यात मलाही खोकला ऐकू आला.

सर, तुम्ही मुलीला सांगितलंत की मूळ रेकॉर्डिंग नियमाप्रमाणे पुसलं. ठीक. पण मुलाखतीला समोर तुम्हीच बसला होतात. प्रश्न तुम्हीच विचारलेत. मला पत्र नको, नियमाचं कलम नको. त्या मुलीसमोर या आणि तोंडाने सांगा.

तिच्या आईचं नाव काय?