हळद लागलेली भिंत

"भिंतीला हळद कुणी फासली?" भिंतीची डागडुजी करणारी रेहाना मुजावर सकाळी सकाळीच अख्ख्या तालमीच्या अंगावर धावून गेली. "वस्ताद, ही भिंत आहे, नवरदेव नव्हे!"

वस्ताद हिंदुराव चौगुल्यांनी मान खाली घातली. "मुका मार लागला की आमी हळद-तेलच लावतोय, ताई. आज तिची परीक्षा. म्हटलं, पोरीला जरा बळ..."

महापुरात तालमीची मागची भिंत वरपासून खालपर्यंत तडकली होती. पाडा, म्हणाले सगळे शहाणे. गिलावा मारून लपवा, म्हणाले दीडशहाणे. रेहानाने दोघांनाही हाकललं आणि तड्यात जिवंत चुना भरला. या चुन्यात सूक्ष्म जंतू झोपलेले असतात. भेग पडून पाणी लागलं की जागे होतात आणि दगड तयार करत ती बुजवतात. काळ्या दगडातली ती पांढरी रेघ तिने मुद्दाम उघडी ठेवली. पैलवान मोडलेला कान टोपीखाली लपवतो काय?

आणि आता त्या रेघेवर हळद! हळद जंतू मारते, हे शेंबडं पोरही सांगेल. भिंत आज नापास झाली तर तालीम सपाट, आणि तिथे गाड्यांचा तळ.

तपासणीला अभियंते पाटणकर आले. समोरचं लखलखीत नगरभवन त्यांनीच बांधलेलं. पिवळीधमक रेघ पाहून हसले. "हळदीकुंकू आहे वाटतं?"

"दाब द्या," रेहाना म्हणाली.

जॅक भिंतीला रेटू लागले. कर्र... पिवळ्या रेघेत एक लाल ठिपका उमटला. बघता बघता लांबला.

"रक्त आलं!" एक पैलवान किंचाळला.

"कुंकू आहे ते!" रेहाना त्याच्याहून मोठ्याने ओरडली. "वरचा चुना दगड झालाय; हळदीला आतला ताजा चुना लागला की लाल होणारच! भेग नेमकी तिथे पडलीय. भिंत स्वतः दाखवतेय, कुठं दुखतंय ते!"

तिने भेगेवर पाणी मारलं. जंतू जगले असतील तर चुन्याचा दगड होईल, त्याचा तिखटपणा मरेल आणि हळद पुन्हा पिवळी पडेल. मेले असतील तर लाल ते लालच.

चहा आला, गार झाला. पाटणकर दोनदा जायला उठले; वस्तादांनी दोनदा खांद्याला धरून बसवलं.

मग लालाचं नारिंगी झालं. नारिंगीचं पिवळं.

वस्तादांनी असा शड्डू ठोकला की पाखरं उडाली. पाटणकरांनी पुन्हा दाब दिला, पहिल्याहून जास्त. भिंत ढिम्म. त्यांनी सही केली.

रेहानाच्या अंगात वारं शिरलं होतं. जखम झाली की बोलणारी भिंत! तिने हळदीची परात उचलली. "साहेब, सिमेंटही चुन्याचंच. चला, नगरभवनाच्या खांबांना लावू."

"कशाला? ते नवंकोरं आहे."

"म्हणूनच. त्याला कुणी विचारलंच नाही, कुठं दुखतंय."

नगरभवनात लग्न होतं. बँड जोरात होता. पाटणकर खांबांकडे बघत राहिले, मग हळूच म्हणाले, "पण बाई, त्यात तुमचे जंतू नाहीत. लाल झालं, तर पुन्हा पिवळं कोण करणार?"